तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: हो, ती शीट माझीच

हो, ती शीट माझीच होती, बॉस्टनच्या रेड सॉक्स या बेसबॉल टीमने आपला स्टार मुकी बेट्स सोडला तेव्हा केलेली. फेब्रुवारी २०२० मध्ये आपल्या ग्रुपवर फिरलेली, वरच्या ओळीत ठळक अक्षरात "मुकीला सोडणं त्रासदायक आहे पण हिशोबाने बरोबर आहे" असं लिहिलेली. मीच केली, मीच टाकली, आणि खाली ज्या तिघांनी टाळ्या वाजवणारे हात टाकले होते ते कोण हे त्यांचं त्यांना माहितीये, आता तेच सगळ्यात मोठ्याने हसतात.

दर गणपतीत आरती झाली की हातात शिऱ्याची वाटी घेऊन कुणीतरी येतंच. "काय गं, चालू आहेत का अजून तुझे आकडे?" मग हशा. डिसेंबरात बेसबॉलच्या ट्रेडच्या, म्हणजे टीम्समधल्या खेळाडूंच्या देवाणघेवाणीच्या, आणि सायनिंगच्या बातम्या सुरू झाल्या की तोच प्रश्न फोनवर जरा सभ्य होऊन येतो, "एवढी आकडेमोड करून खेळातली मजा जात नाही का?" दोन्हीच्या पोटात काय आहे ते मला कळतं हो. मुकी बेट्सच्या वेळी आकड्यांनी तुला तोंडावर पाडलं, तरी तू शहाणी का होत नाहीस, हेच ना? एवढ्या वर्षांत मी याची निदान सहा उत्तरं दिलीत, सहाही वेगवेगळी, आणि त्या त्या वेळी समोरच्याला गप्प करायला दिलेली. आता एकदाच लिहून टाकते, म्हणजे पुढच्या गणपतीत नुसतं हे पुढे सरकवेन आणि शिरा गरम असताना खाईन.

आधी एक. "मिस्टरांनी लावलं असेल ना हे वेड?" असंही विचारतात. मिस्टरांना अठरा वर्षं बॉस्टनजवळ राहून इनफिल्ड फ्लायचा नियम अजून कळत नाही. त्यांना रविवारचं टेनिस बॉल क्रिकेट पुरतं, त्यांचं बरं आहे.

वेड अप्पांकडून आलंय. अप्पा साताऱ्यात नोकरी करायचे आणि सुट्टीच्या दिवशी क्लबच्या मॅचेसचे स्कोअरर असायचे, फुकट, चहा आणि वडापाववर. मी शेजारी बसून पेन्सिलींना टोक काढायचे. ओव्हरमधे एकही रन नाही निघाला की सहा टिंबं जोडून एम काढायचा, विकेट पडली असेल तर तीच टिंबं जोडून डब्ल्यू, आणि हे जोडायचं काम माझं. अप्पांचा एक नियम होता, मॅच चालू असताना टाळी वाजवायची नाही. आपल्या गल्लीतला पोरगा फिफ्टी मारो की काही होवो, पेन्सिल खाली ठेवायची नाही. त्यामुळे आकड्यांनी मजा जाते का हा प्रश्न मला खरं तर समजतच नाही, माझी मजा मुळात तिथूनच सुरू झालेली आहे. पुढे मी इन्शुरन्समध्ये शिरले, दिवसभर कोण साधारण किती वर्षं जगेल याचे तक्ते बघते, आणि घरी येऊन कोण किती वर्षं बॅट नीट फिरवेल याचे. नवरा म्हणतो दोन्ही एकच धंदा आहे.

तर हिवाळा. तुम्ही आयपीएलचं ऑक्शन बघता, ते एक-दोन दिवसांत आटपतं. इथे वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची फायनल, संपली की नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत तोच कारभार, आणि याला म्हणतात हॉट स्टोव्ह, पूर्वी लोक हिवाळ्यात शेगडीभोवती बसून बेसबॉलच्या गप्पा मारायचे म्हणून. चार महिने एक बॉल पडत नाही आणि तरी रात्री दोनला फोन बघावासा वाटतो. २०२३च्या डिसेंबरात जपानी स्टार ओहतानी कुठे सही करणार यावरून अख्खी दुनिया कॅलिफोर्नियाहून टोरोंटोला निघालेलं एक खासगी विमान नकाशावर बघत बसली होती, मीही, ऑफिसची मीटिंग म्यूट करून, आणि विमानातून उतरला कोण तर टीव्हीवर दिसणारा एक कॅनेडियन उद्योगपती. ओहतानी गेला लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडे, दहा वर्षांचे ७० कोटी डॉलर, त्यातले ६८ कोटी करार संपल्यावर द्यायचे. असला करार वाचताना मला जे होतं ते तुम्हाला सिक्स बघताना होत असेल. त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे?

आता मुकी. तो कोण, रेड सॉक्सनी त्याला सोडलं म्हणजे काय केलं हे तुम्हाला पाठ आहे, दरवर्षी मलाच ऐकवता. २०११ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीत, पाचव्या राउंडला उचललेला, ५ फूट ९ इंचाचा, २०१८ ला .३४६ सरासरी (हजार बॅटिंगमागे ३४६ हिट्स), ३२ होमरन म्हणजे आपले सिक्स, ३० स्टील्स म्हणजे चोरून पळालेले बेस, एमव्हीपी म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, टीमच्या १०८ विन्स आणि वर वर्ल्ड सिरीज. ती परेड ३१ ऑक्टोबरला होती, हॅलोवीनलाच. मी लेकाची शाळा बुडवली, वुस्टर लाइनच्या लोकलने गेलो, बॉइलस्टन स्ट्रीटवर चार तास उभं राहिलो. सात वर्षांचा होता. जर्सी स्ट्रीटवरच्या दुकानातून ५० नंबरचा मुकीचा शर्ट घेऊन दिला होता, तोच त्याचा हॅलोवीनचा वेश, संध्याकाळी कँडी मागायलाही तोच, आणि रात्री तसाच झोपला.

४ फेब्रुवारी २०२०, मंगळवार. टीव्हीवर ट्रम्पचं भाषण लागणार होतं, मी कणिक मळत होते, फोन ओट्यावर. फोन थरथरला, पिठाच्या बोटाने उघडला. मुकी आणि पिचर (म्हणजे आपला बॉलर) डेव्हिड प्राइस डॉजर्सला, बदल्यात तरुण अलेक्स वर्डूगो, आणि मिनेसोटाच्या टीमकडून येणारा पिचर ब्रुसदार ग्रातेरॉल. पोटात खड्डा पडला, खोटं नाही सांगत. अर्धा मिनिट मी तशीच उभी होते. आणि मग मी काय केलं असेल? हात धुतले आणि लॅपटॉप उघडला. कणिक तशीच, पोळ्या त्या रात्री नऊनंतर झाल्या.

तेव्हाचं माझं म्हणणं काय होतं ते आधी नीट मांडते, कारण आता सगळे असे बोलतात की जणू मी वेडगळपणाच केला होता. तो सीझन संपला की मुकी फ्री एजंट होणार होता, म्हणजे कुठल्याही टीमकडे जायला मोकळा. लांबचा करार तो घेत नव्हता, म्हणाला बाजारात जाऊन किंमत बघतो, त्याचा हक्कच होता. म्हणजे हातात एक वर्ष. त्या वर्षाचा पगार २.७ कोटी डॉलर. टीम दोन वर्षं लक्झरी टॅक्सच्या रेषेच्या वर होती (टीमच्या पगारांची बेरीज त्या रेषेपलीकडे गेली की बसतो तो टॅक्स), २०२० ची रेषा २०.८ कोटीची, तिसऱ्यांदा ओलांडली तर टॅक्सचा दर आणखी वाढणार, एकदा खाली आलं की दर परत पहिल्या पायरीवर. खालच्या, म्हणजे मायनर लीगमधून वर येणारे प्लेअर फारसे नव्हते. आणि त्याला लागणारा करार म्हणजे २८ व्या वर्षापासून चाळिशीपर्यंतचा, आणि माणूस चाळिशीत काय पळतो याचे तक्ते माझ्याकडे होतेच.

मग वॉर. विन्स अबव्ह रिप्लेसमेंट, सहज हाताला लागेल असा मायनर लीगचा पोरगा उभा केला असता तर त्याच्यापेक्षा ह्याने किती विन्स जास्त आणल्या. अख्खी टीम तसल्याच पोरांची केली तर १६२ पैकी साधारण ४८ जिंकेल असा अंदाज धरतात. मुकीने २०१८ ला एकट्याने दहाच्या वर आणल्या होत्या. बाजारात तेव्हा एक विन साधारण ८०-९० लाख डॉलरला पडायची. खेळाडूच्या विन्सना त्या भावाने गुणायचं, त्यातून त्याचा पगार वजा करायचा, उरतो तो सरप्लस. सरप्लस वाढला की माझ्या शीटमध्ये सेल आपोआप हिरवा व्हायचा, उणे झाला की लाल. मुकीचं एक वर्ष हिरवं. पुढची बारा वर्षं धरली तर आधी हिरवी, मग फिकी, ३४ च्या पुढे लाल लाल लाल. प्राइस पूर्ण लाल, त्याचे उरलेले ९.६ कोटी, त्यातले निम्मे डॉजर्सच्या गळ्यात. आणि वर्डूगो, पाच वर्षं हातात, स्वस्त, वरपासून खालपर्यंत कोवळा हिरवा, नुकत्याच उगवलेल्या मेथीसारखा. साडेअकराला शीट ग्रुपवर टाकली आणि समाधानाने झोपले. हे शेवटचं लिहायला जड जातंय पण समाधानानेच.

मग ग्रातेरॉलच्या मेडिकलवरून गाडी अडली, पाच-सहा दिवस सगळं लटकलं, नव्याने व्यवहार ठरला, वर्डूगोबरोबर जीटर डाउन्स आणि कॉनर वॉंग. डाउन्स तेव्हा टॉप शंभर प्रॉस्पेक्ट्समध्ये, म्हणजे होतकरू पोरांमध्ये होता. आमच्या हाडवैऱ्याच्या, न्यूयॉर्क यँकीजच्या डेरेक जीटरवरून नाव ठेवलेला पोरगा बॉस्टनला येतोय, देवाने तिथेच इशारा दिला होता, पण मी नावं कुठे बघते, मी शीटची दुसरी आवृत्ती काढली. अजून हिरवी.

लेकाला आम्ही पहिल्या रात्री सांगितलंच नव्हतं. शाळेत कळलं त्याला. घरी आला, दप्तर टाकलं, रडला वगैरे नाही, सरळ माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आई, व्हाय?" साडेआठ वर्षांचा. मला वाटलं, वा, पोरगा कारण विचारतोय, अप्पांचा नातू शोभतो. त्याला मांडीजवळ घेऊन शीट उघडली. खरंच उघडली. आता विचार केला की कानशिलं तापतात. त्याला म्हटलं हे बघ, हे मुकीचं वय, हा त्याचा पगार, हे हिरवं म्हणजे टीमला फायदा, हे लाल म्हणजे तोटा, बघ पुढे किती लाल आहे. तो शहाण्यासारखा ऐकत होता, बोटाने स्क्रीनवर हिरव्याचे चौकोन मोजत होता. मी म्हटलं, म्हणजे सोडल्यामुळे किती पैसे वाचले बघ.

"सो आता आपलं तिकीट चीप होणार?"

मी म्हटलं, नाही रे, तसं नसतं.

"मग वाचले ते कोणाला मिळणार?"

याचं उत्तर एका शब्दाचं आहे. मालकाला. तो शब्द मला त्या दिवशी त्याच्यासमोर काढता आला नाही. मी काय बोलले माहितीये? मी म्हणाले, "ते पैसे दुसऱ्या प्लेअर्सवर खर्च करतील." तो म्हणाला, "कोणत्या?" मी म्हटलं, बघू. त्याने मान डोलावली, उठला, दूध प्यायला गेला. मुकीचा शर्ट दुसऱ्या दिवशी धुवायच्या टोपलीत होता, धुऊन घडी करून ठेवला, तो परत त्याने काढला नाही. मी त्याला दोन-तीनदा म्हटलं अरे घाल की. नाही म्हणाला, लहान होतो. लहान होत नव्हता.

आता बचाव. पहिला बचाव, मी तेव्हा एकटी नव्हते, भले भले हेच म्हणत होते. फालतू बचाव आहे, मान्य. दुसरा, वर्डूगोने पहिल्याच वर्षी .३०८ मारले. तिसरा, २०२१. आठवतंय का २०२१? ९२ विन्स, लीगच्या फायनलपर्यंत गेलो, ह्यूस्टनकडून हरलो ती गोष्ट वेगळी, आणि तेव्हा ग्रुपवर मी काय उतले होते! "शीट नंबर दोन, ओळ चौदा वाचावी." स्क्रीनशॉट काढून ठेवलाय म्हणे कुणीतरी, खुशाल ठेवा. कारण त्यानंतर २०२२ गटात शेवटचा नंबर, २०२३ गटात शेवटचा नंबर. डाउन्स रेड सॉक्ससाठी एकूण १४ मॅचेस खेळला, सरासरी .१५४, आणि २०२२च्या डिसेंबरात सोडून दिला. वर्डूगो २०२३च्या डिसेंबरात गेला, तोही यँकीजकडे. मुकीचा ट्रेड करणारा रेड सॉक्सचा मुख्य कारभारी चाईम ब्लूम त्याआधीच सप्टेंबरमध्ये गेला. उरला वॉंग. आणि मुकीने २०२० च्या जुलैतच डॉजर्सबरोबर १२ वर्षांचा ३६.५ कोटींचा करार केला, त्याच ऑक्टोबरात ट्रॉफी, मग २०२४ ला, मग २०२५ ला.

त्या २०२०च्या फायनलची सहावी मॅच मी बघत होते. समोरच्या टॅम्पा बे टीमचा पिचर ब्लेक स्नेल तुफान टाकत होता, ७३ पिचेस, ९ स्ट्राइकआउट म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, फक्त दोन हिट्स दिलेल्या, टॅम्पा १-० पुढे. सहाव्या इनिंगला कॅप्टन, म्हणजे मॅनेजर केव्हिन कॅश बाहेर आला आणि स्नेलला काढलं. का, तर बॅटरने त्याच पिचरला तिसऱ्यांदा बघितलं की तो जास्त मारतो, हे आकड्यांनी सिद्ध झालेलं आहे आणि आहेच. समोर तिसऱ्यांदा येणार होता मुकी. मी सोफ्यावर एकटी, मोठ्याने म्हणाले, "बरोबर केलं." मुकीने नव्या पिचरला डबल, म्हणजे थेट सेकंड बेसपर्यंतचा फटका मारला. पुढे एक वाइल्ड पिच, म्हणजे कॅचरला न सापडलेला बॉल, बरोबरी, मुकी थर्ड बेसवर. मग डॉजर्सच्या सीगरने फर्स्ट बेसकडे साधा जमिनीवरून फटका मारला आणि बॅटचा आवाज झाला तसा मुकी थर्डवरून सुटला, थेट होम बेसवर, २-१. आठव्यात मुकीचाच होमरन, ३-१, खेळ खलास. त्या संध्याकाळी स्नेलसमोर मुकी, सीगर आणि टर्नर सहा वेळा आले होते आणि सहाही वेळा स्ट्राइकआउट झाले होते. सहा वेळा म्हणजे नमुना छोटा, त्यावरून काही ठरत नाही, हे मी आजही म्हणेन. पण मुकी डबल मारून सेकंडवर उभा होता ना, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचं हसू आहे असं मला दिसलं. मला दिसलं, कॅमेऱ्याने दाखवलंच असं नाही.

इथे तुम्ही म्हणता, झालं, आकड्यांनी खेळाची वाट लावली. आणि इथेच माझं डोकं फिरतं. अहो, मुकीला विकत घेणारा कोण होता? डॉजर्सचा अँड्र्यू फ्रीडमन, २०१४ पर्यंत टॅम्पात होता. विकणारा ब्लूम, तोही टॅम्पातून आलेला, फ्रीडमनच्याच हाताखाली तयार झालेला. एकाच शाळेचे दोघं, तीच पाटी, तोच पाढा. एकाला आकडे म्हणाले घे, दुसऱ्याला म्हणाले सोड? आकडे दोघांना एकच सांगत होते, हा माणूस दुर्मिळ आहे, पळतो, फिल्डिंग करतो, बॉल चुकवत नाही, असले लोक हळूहळू म्हातारे होतात. माझ्याही शीटमध्ये हे सगळं होतं. जे कॉलम आड येत होते ते मी हाइड केले होते, जागा पुरत नव्हती म्हणून, असं तेव्हा स्वतःला सांगितलं.

माझी चूक वॉरमध्ये नव्हती. २०.८ कोटीच्या त्या रेषेत होती. ती रेषा मी आकाशातून पडल्यासारखी धरली, पाऊस पडतो तशी. ओलांडली तर टॅक्स बसणार, तो भरणार मालक, ज्याचं तिकीट देशातल्या महागड्या तिकिटांत आहे आणि ज्याचं स्टेडियम भरलेलं असतं. मी होते फॅन. कुणी न सांगता, बिनपगारी, मालकाची मुनीम झाले. आणि तो हिरवा रंग, तो नीट बघितला तर काय आहे? ज्याला त्याच्या लायकीपेक्षा कमी पगार मिळतो तो सेल हिरवा. २०१६ ला एमव्हीपीच्या मतदानात दुसरा आलेल्या मुकीला २०१७ साठी मिळाले साडेनऊ लाख डॉलर, कारण सहा वर्षं सर्व्हिस होईपर्यंत फ्री एजंट होता येत नाही आणि त्यातली पहिली तीन तर टीम देईल ते घ्यायचं. माझ्या शीटमध्ये ते साल सगळ्यात गडद हिरवं आहे. माझा बाप आयुष्यभर वेतन आयोगाची वाट बघत बसला आणि मी कमी पगार दिसला की हिरवा रंग लावते.

तरी इथे मला माझ्याशीच भांडावं लागतं. कारण हे असं लिहिलं की वाटतं, झालं, बाई सुधारली. नाही सुधारले. बिल जेम्सने बेसबॉलमधलं हे आकड्यांचं सगळं सुरू केलं तेव्हा तो कॅन्सस राज्यात एका डबाबंद बीन्सच्या कारखान्यात रात्रपाळीचा वॉचमन होता, कुणाचे पैसे वाचवायला बसला नव्हता, खरं काय आहे ते बघायचं होतं त्याला. पुढे रेड सॉक्सनी त्यालाच नोकरीला ठेवलं आणि २००४ ला शहाऐंशी वर्षांनी ट्रॉफी आली. ती आणण्यात आकडे होते, तेव्हा कुणी शिरा खाताना हसलं नाही. आणि २०२४च्या डिसेंबरात पिचर गॅरेट क्रोशेसाठी चार पोरं दिली तेव्हा ग्रुपवर "एवढी पोरं कशाला" म्हणून ओरडणारे तुम्हीच होतात, आणि देऊन टाका म्हणणारी मी होते, शीटसकट. त्याबद्दल गणपतीत कुणी काही विचारलेलं मला आठवत नाही.

शेजारच्या आजोबांना मी मार्च २०२० मध्ये, कुंपणाच्या अलीकडून, हे सगळं समजावत होते तर ते शांतपणे म्हणाले, माझ्या बापाच्या वेळी बेब रुथला विकलं होतं, तेव्हाही कारणं चांगली होती. रुथ, बेसबॉलचा सगळ्यात गाजलेला खेळाडू, १९१९च्या डिसेंबरात रेड सॉक्सनी यँकीजला विकला, एक लाख डॉलरला. मी त्यांना म्हटलं ते वेगळं होतं. वेगळं होतंच. पण आजोबा आता नाहीत, आणि वाद अर्धा राहिला.

मुंबईच्या मावसभावाला हे कधी कळायचं नाही, "प्लेअर विकला तर विकला, टीम आपली" म्हणायचा. मग हार्दिक गुजरातहून परत आला, रोहितची कॅप्टन्सी गेली, आणि २०२४ ला वानखेडेवर आपल्याच कॅप्टनला लोकांनी हुर्यो उडवून सोडलं, मुंबई शेवटची आली. एप्रिलमध्ये त्याचा रात्री फोन. "ताई, कागदावर बरोबर वाटत होतं गं." मी म्हटलं, ये, बस.

२०२३च्या ऑगस्टमध्ये डॉजर्स फेनवेवर, म्हणजे रेड सॉक्सच्या स्टेडियमवर आले, मुकी सोडून गेल्यानंतर पहिल्यांदाच. मी दोन तिकिटं काढली, किंमत सांगत नाही, नवरा हे वाचतो. मुकी बॅटिंगला आला, अख्खं फेनवे उभं राहिलं, मीही उभी राहिले, घसा भरून आला होता. बाजूला बघते तर पोरगा, आता बारा वर्षांचा, बसून नाचोज खातोय. म्हटलं उठ ना. तो म्हणाला, "तू का उठलीस? तू तर म्हणाली होतीस बरोबर झालं." पुढची बाई वळून बघायला लागली, मराठी कळलं नसेल, पण सूर कळला असणार. मी बसले. मग परत उठले. मग तोवर टाळ्या संपल्या होत्या.

आणि २०२५च्या जूनमध्ये, १५ तारखेला, रविवार, रेड सॉक्सनी यँकीजला तिन्ही मॅचेसमध्ये हरवलं, आमच्या डेव्हर्सने होमरन मारला, आणि संध्याकाळी बातमी, डेव्हर्स सॅन फ्रान्सिस्कोला. ३१.३५ कोटी डॉलरचा करार केलेला माणूस, जो मुकीनंतर "हा तरी ठेवा" म्हणून ठेवला होता. उरलेला सगळा पगार आता त्यांच्या डोक्यावर. वरच्या खोलीतून पोरगा ओरडला, "आई, शीट उघडू नकोस!"

उघडलेली होती.

तो खाली आला, माझ्या मागे उभा राहिला. सगळं हिरवंगार. ग्रुपवर टाकली नाही मी, विचारा हवं तर, पण पुसलीही नाही, आणि मला अजून वाटतं की डेव्हर्सच्या बाबतीत आकडा पूर्ण चुकीचा नाहीये, भांडायला या, मी तयार आहे. त्याने शेवटच्या कॉलमवर बोट ठेवलं. तो मी २०२१ मध्ये घातला होता, त्याला कधी दाखवला नव्हता. वर लिहिलंय "तिकीट", खाली त्या त्या वर्षी आम्ही फेनवेला एका सीटला किती दिले ते. २०२० रिकामं, कोविड. त्याला रंगाचा फॉर्म्युला लावलेला नाही. तो काही बोलला नाही, माउस घेतला, एप्रिलमध्ये मित्रांबरोबर गेला होता त्या मॅचचा आकडा २०२५ समोर टाइप केला आणि फ्रिज उघडायला गेला.

आकडा चूक होता, सर्व्हिस फी धरली नव्हती. मी ती मिळवली.